बेत मोडला तरी माणूस मोडू नये

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



नाताळची सुट्टी तोंडावर आली. आपल्या ग्रुपवर कोण अक्कलकोटला, कोण गाणगापूरला, कोण पोरांच्या हट्टाखातर महाबळेश्वरला जाणार, याची चर्चा चालूच आहे. सगळ्यांचे बेत सुखरूप पार पडोत. पण "सुट्टीच्या निमित्ताने काहीतरी लिहून द्या" असं सांगितल्यावर आम्हाला आठवला तो आमचा न झालेला प्रवास. दोन वर्षं झाली, पण त्यातून उभा राहिलेला प्रश्न अजून सुटला असं म्हणवत नाही.

प्रश्न साधा आहे. ठरलेला बेत फिसकटला, तर ज्याच्यामुळे फिसकटला त्या माणसाशी आपण कसं वागायचं?

बेत मोडल्यावर मन कसं रमवायचं, हे आपल्याला बहुतेक जमतं. बाहेर जेवायला जातो, पिक्चर बघतो, "जाऊ दे, पुढच्या वर्षी" म्हणतो. पण ज्याच्यामुळे मोडला तो तर घरातच असतो, त्याच पंगतीला बसलेला. त्याचं काय करायचं?

आम्ही आमोण्याचे. एका अंगणात तीन भावांची तीन बिऱ्हाडं, मधल्या घरात आई. लहान-मोठी मिळून तेरा माणसं. २०२३ साली नाताळ सोमवारी आला आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी २६ डिसेंबरला, दत्तजयंती. पोरांना शाळेची सुट्टी आणि दत्तमहाराजांचा जन्मोत्सव, दोन्ही एकदम. असा योग दरवर्षी येत नाही. आई तेव्हा ७६ वर्षांची होती. जन्मभर गुरुवार केले, पण नरसोबाची वाडी तिने एकदाही पाहिली नव्हती. तेव्हा ठरलं की या वेळी आईला वाडीला न्यायचंच.

बेत असा होता. २४ ला पहाटे निघायचं, चोर्ला घाटातून बेळगाव, तिथून निपाणीवरून कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन, मुक्काम. २५ ला जोतिबा, संध्याकाळी पोरांसाठी रंकाळा. २६ ला वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, जिथे श्री नृसिंह सरस्वतींनी बारा वर्षं वास्तव्य केलं, तिथे संध्याकाळी दत्तजन्माचा पाळणा बघायचा. आईने एक नवी सुती साडी त्या दिवसासाठी वेगळी काढून ठेवली होती.

गाडीचं काम धाकट्याकडे दिलं होतं. गाडीवाल्यांत त्याची ओळख जास्त. दर घरामागे नऊ हजार रुपये वर्गणी ठरली. नोव्हेंबरात आम्ही दोन घरांचे अठरा हजार त्याच्याकडे दिले, त्याने स्वतःचे नऊ घालायचे, त्यातले दहा हजार गाडीवाल्याला उचल द्यायची. लॉजचं दुसऱ्याने बघितलं. २३ ला, शनिवारी, लाडू-चिवड्याचे डबे भरले, बॅगा ओसरीवर आणून ठेवल्या. सकाळीच बेताळाकडे नारळ ठेवून आलो होतो.

रात्री आठ वाजता, गाडी पहाटे किती वाजता येईल ते विचार, असं थोरल्याने सांगितलं. धाकटा काही बोलेना. मग म्हणाला, "गाडी नाही."

कळलं ते असं. उचल दिलीच नव्हती. गाडीवाल्याने वीस तारखेपर्यंत वाट बघितली आणि नाताळात पर्यटकांची गर्दी, दुप्पट भाडं मिळत होतं, म्हणून गाडी दुसऱ्याला दिली. त्याला दोष देता येत नाही. पैसे न घेता त्याने तरी गाडी किती दिवस अडवून ठेवायची? आम्ही तासभर फोन केले. नाताळाच्या तोंडावर गोव्यात तेरा माणसांची गाडी आयत्या वेळी मिळणं म्हणजे काय, ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. आईचा गुडघा असा की बस बदलत जाणं शक्य नव्हतं. लॉजचे पैसेही बुडाले.

मग त्या ओसरीवर जे बोललं गेलं, ते सगळं इथे लिहीत नाही. "एक काम सांगितलं होतं तुला." "आईच्या जन्माचं पुण्य घालवलंस." "अठरा हजार कुठे गेले ते तरी सांग." तो खाली बघून उभा. धाकटी वैनी आत स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा आवाज उगाच वाढला. आपण रोज आरती म्हणतो, पारायण करतो, सत्संगाला जातो, यातलं त्या अर्ध्या तासात आम्हाला काहीही आठवलं नाही.

आमचा राग खरा होता, हे कबूल करतो. विश्वासाने दिलेले पैसे दुसरीकडे वापरणं ही चूकच. ती झाकून "जे होतं ते चांगल्यासाठीच" म्हणणं सोपं आहे. बोट कापलं म्हणून जीव वाचलेल्या राजाची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या फोनवर महिन्यातून दोनदा येते. पण नीट बघितलं तर असं घाईने म्हणणं ही एक पळवाट असते. चांगल्यासाठी झालं म्हटलं की काय झालं ते बघायला नको, कोणाशी बोलायला नको.

दुसरी पळवाट रागाची. एक माणूस दोषी ठरवला की बाकीचे आपोआप निर्दोष होतात. बारा माणसं एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. या हिशेबात बाराजणांना आपण काय केलं ते तपासावं लागत नाही.

तिसरी पळवाट मौनाची. चांगली माणसं हीच जास्त वापरतात. आवाज चढवायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त चहाचा कप जरा जोरात ठेवायचा. "मी काही म्हटलं का?" असं म्हणायचं आणि चार दिवस तोंड फिरवून वागायचं.

आम्ही आधी दुसरी वापरली, रात्री झोपताना तिसरीवर आलो.

सकाळी, २४ तारखेला, पोरांना न्याहारीला बोलावलं. आमच्याकडे सहाही पोरं आईच्या घरात एका ओळीत बसतात. त्या दिवशी पाचच बसली. धाकट्याची मुलगी, अकरा वर्षांची, आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसून होती. हाक मारली तर म्हणाली, "मला भूक नाही." आदल्या रात्री तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या हिशेबाने आता हा डबा, हा लाडू, ही पंगत तिची राहिली नव्हती.

आईने ते बघितलं. ती रात्रीपासून एक शब्द बोलली नव्हती, आणि खरं तर सगळ्यात मोठं नुकसान तिचंच. ती थोरल्याला म्हणाली, "गाडी गेली ती गेली रे. आधी पोरीला आणून पंगतीत बसव. आणि ते तू जा, दुसऱ्या कोणाला पाठवू नको."

थोरला गेला. त्याने काय सांगितलं ते आम्हाला ठाऊक नाही. पण ती आली, आणि तिच्यामागून तिचा बापही आला.

त्या न्याहारीनंतर धाकट्याने तोंड उघडलं. त्याने २०१६ मध्ये खाणीवर चालवायला टिप्पर ट्रक घेतला होता, कर्ज काढून. आमच्या डिचोली तालुक्यात हे काही नवीन नाही. २०१२ ला खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा अनेकांनी पुन्हा धीर केला. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणींची लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणकाम थांबलं. कोर्टाचा निवाडा चूक की बरोबर, तो आपला विषय नाही. डोंगरांचं आणि पाण्याचं काय झालं होतं तेही आम्ही बघितलेलं आहे. पण घरासमोर उभा राहिलेला ट्रक गंजतो, त्याचा हप्ता मात्र गंजत नाही. बँकेचं फेडायला हातउसने, हातउसने फेडायला आणखी कोणाकडून तरी, असं पाच वर्षं चाललं होतं. नोव्हेंबरात एकजण दारात येऊन बसायचं म्हणाला. त्या आठवड्यात आमचे अठरा हजार हातात आले. त्याला वाटलं, पगार झाला की भरू. ते जमलं नाही. मग सांगायचं कसं, या विचारात एक एक दिवस गेला.

आम्ही विचारलं, "एवढं होतं तर बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "वर्गणी ठरली तेव्हा कोणी विचारलं का, तुला जमेल का म्हणून?"

हे उत्तर ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. कारण ते खरं होतं. दर घरामागे सारखे पैसे म्हणजे न्याय, असं आम्ही धरून चाललो होतो. एका घरात कारखान्याचा कायम पगार, दुसऱ्या घरात सरकारी नोकरी, तिसऱ्या घरात कंत्राटी ड्रायव्हरकी आणि अंगणात गंजलेला ट्रक. तो ट्रक आम्हाला रोज दिसत होता. आमची पोरं त्याच्या हौद्यात खेळत होती. पाच वर्षांत एकदाही आम्ही बसून विचारलं नाही, की याचं किती देणं राहिलंय रे?

म्हणजे बेत २३ तारखेला मोडला नव्हता. तो ठरवतानाच त्यात एक माणूस धरलेला नव्हता. तेरा माणसांचा बेत आम्ही दहा माणसांच्या ऐपतीने आखला होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण लिहिताना घोटाळा होऊ शकतो. याने त्याची चूक नाहीशी होत नाही. त्याने सांगायला हवं होतं, आणि दुसऱ्याच्या पैशाला हात लावायला नको होता. हे तोही म्हणतो. पण चूक दाखवणं वेगळं आणि माणसाला चूक करून टाकणं वेगळं. पहिल्यात त्याला परत यायला वाट राहते. दुसऱ्यात तो आपल्या पोरीला घेऊन उंबऱ्यावर बसतो.

आपल्या पुराणात मोडलेल्या बेताची सगळ्यात मोठी गोष्ट कोणती? रामराज्याभिषेकाची. नगर सजलं, मुहूर्त ठरला आणि आदल्या रात्रीत सगळं फिरलं. वनवासाला जाणं आपण सगळेच सांगतो. पण रामायणातली एक बाजू आपल्या बोलण्यात कमी येते. ज्या कैकेयीमुळे हे झालं, तिच्याबद्दल राम काय म्हणतो? लक्ष्मण चिडला तर त्याला आवरतो. चित्रकूटावर भरत आला, तो स्वतःच्या आईवर जळत होता, तेव्हा राम त्याला आईवर राग धरू नको, तिला सांभाळ, असं बजावून परत पाठवतो. कैकेयी बरोबर होती, असं राम म्हणत नाही. पण तिच्या घरात तिला जागा राहील, याची व्यवस्था करून तो वनात जातो. राज्य गेलं ते गेलं, घर फुटू नये.

आमच्याकडे राज्य नव्हतं, एक टेम्पो ट्रॅव्हलर होती. तरी तेवढं सुचायला आईला बोलावं लागलं.

दुपारी आईने आणखी एक सांगितलं, जे आम्हाला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. तिचे वडील दरवर्षी पंढरपूरला जात. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला, त्यानंतर सरहद्द बंद झाली. इकडून तिकडे जाणं मुश्कील. आई तेव्हा आठ वर्षांची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत तिच्या वडिलांची पंढरी चुकली ती चुकलीच. मग ते काय करत? आषाढीला साखळीला चालत जात, विठ्ठलापूरच्या विठ्ठलाला भेटत आणि परत येत. आईने विचारलं होतं, हा विठोबा तोच का? ते म्हणाले होते, "तो तोच. मी तोच राहायला पाहिजे."

हे सांगून आई म्हणाली, "दत्त साखळीला पण आहे. परवा तिथे जाऊया. आणि उद्या तुम्ही दिवाडीला जा, किती वर्षं बोलावतायत ती माणसं."

खरंच बोलावत होती. थोरल्याचे कारखान्यातले जुने सहकारी दिवाडीचे. दर नाताळाला फोन येतो, "घरी या", आणि दर नाताळाला आम्ही कुठेतरी बाहेर असतो किंवा बाहेर जायच्या तयारीत असतो. २५ ला दुपारी आई सोडून आम्ही सगळे नार्व्याला गेलो. आधी श्रीसप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. हा देव मूळचा नदीपलीकडचा, दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं, भक्तांनी देवाला अलीकडे आणलं. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. याच २०२३ च्या फेब्रुवारीत डागडुजी पूर्ण होऊन ते पुन्हा खुलं झालं होतं. देवळात उभं राहून मनात आलं, आमचा तीन दिवसांचा बेत बदलला तर आम्ही केवढा आकांत केला. इथे देवाला गाव बदलावा लागला, आणि तो इतकी शतकं नदीच्या या तीरावरून आपली माणसं सांभाळतोय.

मग फेरीबोटीने पलीकडे. ज्या बेटावरून देव गेला, त्याच बेटावरच्या ख्रिस्ती घरात आमच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. इतिहास आपल्या जागी आहे, आणि खुर्च्याही. सोमवार आणि मार्गशीर्ष महिना, हे घरच्या बाईंनी लक्षात ठेवलेलं. बेबिंकमध्ये अंडी असतात म्हणून ती आमच्यासमोर आणलीच नाही. नेवऱ्या आणि दोदोल तेवढे वेगळ्या ताटात. आम्ही न सांगता. आमच्या घरात पाच वर्षं ट्रक दिसला नाही, आणि या बाईंना आमचा सोमवार दिसला.

ओसरीवर त्यांच्या नातवाने गोठा केला होता. माती, गवत, हिरवी रोपं, वर कागदी नक्षत्र. आमच्या पोरांना तो गोष्ट सांगू लागला. नाव नोंदवायला म्हणून जोसेफ आणि मारिया दूरच्या गावी निघालेली, दिवस भरत आलेले, आणि पोचल्यावर उतरायला जागाच नाही. म्हणून बाळ गोठ्यात जन्मलं, गव्हाणीत ठेवलं.

धाकट्याच्या मुलीने विचारलं, "जागा नाही म्हणून सांगितलं तो कोण होता?"

तो मुलगा विचारात पडला. आजीला विचारलं. आजी म्हणाल्या, "त्याचं नाव कुठे दिलेलं नाही गे बाय."

परतताना फेरीत आम्ही त्यावरच बोलत होतो. शुभवर्तमानात ती हकीकत जेमतेम दोन-चार ओळींत आहे. जागा नव्हती, एवढंच. कोणी दार लावलं त्याचं नाव नाही, त्याला शाप नाही, त्याच्यावर रागाचा शब्द नाही. शतकानुशतकं लोक त्या रात्रीचा उत्सव करतात, आणि त्या उत्सवात गुन्हेगार म्हणून कोणी उभा केलेला नाही. आपला दत्तजन्माचा पाळणा आणि त्यांची गव्हाणी एका दिवसाच्या अंतराने आली होती. दोन्हीकडे मधोमध एक बाळ. बाळ झोपलेलं असताना घरात आवाज चढवायचा नसतो, हे सगळ्याच धर्मांना कळतं.

२६ ला सगळे साखळीला गेलो. आईने तीच नवी साडी नेसली. दत्तवाडीला जत्रेची गर्दी, फुलांचा, उदबत्त्यांचा वास, सूर्य कलताना जन्माचा गजर. आईला पोरांनी धरून आत नेलं. ती बराच वेळ हात जोडून उभी होती. आम्हाला वाटलं, वाडी राहिली म्हणून तिला वाईट वाटत असेल. बाहेर आल्यावर म्हणाली, "सगळी आली ना? तेरा मोज."

धाकट्याने मोजली. तेरा भरली.

घरी येऊन मग खरं काम सुरू झालं. ते सांगितलं नाही तर हा लेख अर्धा राहील. रडून, गळ्यात पडून प्रश्न सुटत नाही. जानेवारीत आम्ही तिघे भाऊ आणि तिन्ही वैन्या कागद घेऊन बसलो. देण्याची यादी केली. काही आकडे ऐकताना पुन्हा राग आला, तोही बोलून दाखवला, या वेळी हळू आवाजात. ट्रक विकायचा ठरला. त्याला ते फार जड गेलं. राहिलेलं देणं आम्ही वाटून घेतलं, पण फुकट नाही. त्याने आमचे महिन्याला थोडे थोडे परत करायचे, अठरा हजारांसकट. हा आग्रह त्याचाच होता, आणि आम्ही तो मोडला नाही. माफ केलं म्हणून सगळं सोडून दिलं, तर माणूस कायमचा खाली बघत राहतो. फेडायची संधी मिळाली तर मान वर येते.

दुसरं, घरची वर्गणी आता सारखी नसते. एका डब्यात ज्याने त्याने आपल्याला झेपेल तेवढं टाकायचं, कोणी किती टाकलं ते बघायचं नाही. डबा भरेल तेवढाच बेत. डबा लहान भरला तर लहान प्रवास. गेल्या मे महिन्यात त्या डब्यातून आम्ही कदंबाच्या बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याएवढंच फिरलो. पोरांनी तक्रार केली नाही असं नाही. पण त्या प्रवासात कोणाच्या पोटात गोळा नव्हता.

पूर्वी माणूस काशीयात्रेला निघायचा तेव्हा परत येण्याची खात्री नसे. म्हणून निघण्याआधी देणी-घेणी मिटवायची, ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची, मगच पाऊल उचलायचं. सद्गुरूही सत्संगात अनेकदा हेच विचारतात, की यात्रेची पहिली पायरी कुठे असते? आम्ही तोपर्यंत समजत होतो ती वाडीच्या घाटावर असते. ती आमच्या धाकट्याच्या उंबऱ्यावर होती, जिथे ती पोर बसली होती.

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला देशभर विमानं रद्द झाली, हजारो लोक विमानतळांवर अडकले, हे आपण सगळ्यांनी बघितलं. लग्नं चुकली, परीक्षा चुकल्या, आजारी माणसांपर्यंत पोचता आलं नाही. राग येणं साहजिकच. पण त्या व्हिडिओंत एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसत होतं. काउंटरवर एक कोवळी मुलगी आणि तिच्यावर ओरडणारी पंचवीस माणसं. विमान तिने रद्द केलेलं नव्हतं. तिच्या हातून बातमी आली, एवढाच तिचा दोष. आम्हाला ती बघताना आमची ओसरी आठवली. जबाबदारांना जाब विचारलाच पाहिजे, पैसे परत मागितलेच पाहिजेत. पण समोर हाती सापडलेल्या माणसावर सगळा राग काढणं याला न्याय म्हणत नाहीत.

म्हणून या सुट्टीत आपणा सर्वांना एक छोटी साधना सुचवतो. उपदेश म्हणून नाही. आम्ही स्वतः नापास होऊन शिकलो, म्हणून.

बेत ठरवताना प्रत्येकाला, विशेषतः जो गप्प बसतो त्याला, एकांतात विचारा, "तुला हे झेपेल ना?" सगळ्यांसमोर विचारलं तर तो "हो"च म्हणेल.

बेत मोडला तर त्या रात्री कारणं शोधू नका. जेवा, झोपा. चौकशी दुसऱ्या दिवशी पण होते. रात्री बोललेले शब्द मात्र परत घेता येत नाहीत.

आणि ज्याच्यामुळे मोडला, त्याला त्या दिवशी पंगतीत आपल्या शेजारी बसवा. काही बोलायची गरज नाही. ताट वाढलं तरी पुरे.

यावर कोणी म्हणेल, अशाने माणसं बेजबाबदार होतील. आम्हालाही ही शंका होती, अजूनही कधी कधी येते. अनुभव एवढाच सांगतो, की आमचा धाकटा दोन वर्षांत एकदाही हप्ता चुकला नाही. पण समजा चुकला असता तरी त्याला पंगतीबाहेर बसवणं बरोबर ठरलं असतं का? याचं उत्तर आम्ही "नाही" असंच देऊ, आणि ते देताना आमचा आवाज थोडा कापेल, हेही कबूल करतो.

हा लेख आधी त्यालाच वाचायला दिला. त्याने परवानगी दिली नसती तर लिहिला नसता. वाचून म्हणाला, "अठरा हजार लिहिलंय ते बरोबर. पण 'आम्ही बोललो' असं सगळीकडे लिहिलंय, त्यात मी पण आहे ना?"

आहे. या लेखातला 'आम्ही' त्याला धरूनच आहे.

वाडीला जाणं अजून बाकी आहे. २०२४ साली दत्तजयंती १४ डिसेंबरला आली, २०२५ साली ४ ला, दोन्ही वेळा पोरांना सुट्टी नव्हती. आई ७८ वर्षांची झाली. डब्यात पैसे साठतायत. महाराजांची इच्छा असेल तेव्हा बोलावणं येईल. निघण्याआधी मात्र आम्ही तेरा मोजूनच निघणार.

चुकलं-माकलं माफ असावं. आपल्या घरी असा काही प्रसंग घडला असेल तर जरूर कळवा.

जय गुरुदेव 🙏
आमोणे येथील एक साधक-परिवार